बिनतारी माईक कसा जोडावा व कसा वापरावा



बिनतारी माईक म्हणजे तार नसलेला माईक, असे आपण म्हणतो. पण आपल्या शाळेचा संच उघडून बघा, त्यात तारा आहेतच! ग्राहकयंत्राला वीज देणारी एक तार, ग्राहकयंत्रापासून अँप्लिफायरपर्यंत जाणारी दुसरी, आणि अँप्लिफायरपासून स्पीकरच्या खोक्यापर्यंत जाणारी तिसरी. गेली आहे ती फक्त एकच तार, बोलणाऱ्याच्या हातापासून टेबलापर्यंतची. तिच्या जागी रेडिओ लहरी आल्या आहेत. हे एकदा डोक्यात बसले की माईक केव्हा बोलतो, केव्हा खरखरतो आणि केव्हा शिट्टी मारतो, ते सगळे उलगडते. परिपाठाला माईक लावण्याचे काम यंदा आम्हा सातवीच्या मुलांकडे आहे, म्हणून हा पाठ लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

प्रथम माईकच्या पोटात काय असते ते पाहू. वरच्या जाळीच्या आत एक पातळ पडदा असतो. त्याला केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते, आणि ते वेटोळे चुंबकाच्या खाचेत असते. आपण बोललो की हवा कापते, हवेने पडदा कापतो, पडद्याबरोबर वेटोळे मागेपुढे हलते. चुंबकाजवळ तारेचे वेटोळे हलले की तारेत वीज तयार होते. हा शोध मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली लावला. जुन्या सायकलींना दिव्यासाठी डायनामो असे, तो याच तत्त्वावर चाले. तिथे पायाची ताकद, इथे गळ्याची, एवढाच फरक. म्हणून तर माईकची वीज अगदी इवलीशी असते, व्होल्टच्या काही हजाराव्या भागाएवढी. स्पीकरमध्ये हेच उलटे चालते. तिथेही चुंबक आणि वेटोळे असते, पण वीज येऊन वेटोळे हलवते आणि कागदी शंकू हवेला ढकलतो.

तारेच्या माईकमध्ये ही इवलीशी वीज सरळ तारेतून अँप्लिफायरकडे जाते. बिनतारी माईकच्या दांड्यात मात्र एक छोटेसे रेडिओ केंद्रच बसवलेले असते बरे का! ते ठराविक वारंवारतेची लहर तयार करते आणि आपल्या आवाजाप्रमाणे ती वारंवारता किंचित कमीजास्त करते. एफ.एम. रेडिओत हीच पद्धत असते. टेबलावरचे ग्राहकयंत्र म्हणजे एकच केंद्र लागणारा रेडिओ. ते लहर पकडते, तिच्यातून आवाजाची वीज वेगळी काढते आणि अँप्लिफायरकडे सोपवते.

माईकवर मेगाहर्ट्झचा आकडा छापलेला असतो. समजा तो ६०० आहे. म्हणजे ती लहर एका सेकंदात ६० कोटी वेळा कंप पावते. गणिताची आवड असणाऱ्यांनी ३०० ला या आकड्याने भागावे, लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. इथे ती अर्धा मीटर आली. एरियल साधारणपणे तिच्या पाव भागाएवढे, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरचे पुरते. आपल्या फूटपट्टीच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून ते माईकच्या शेपटीत मावते आणि आपल्याला दिसत नाही.

या लहरी हवेतून, लाकडातून, विटांच्या भिंतीतूनही जातात. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याला १८९५ साली लोकांसमोर हे दाखवले. मधे भिंत असताना त्यांनी विद्युत लहरींनी पलीकडची घंटा वाजवली होती. पण धातूपुढे या लहरींचे काही चालत नाही. घरी करून पाहा. एफ.एम. लावलेला छोटा रेडिओ स्टीलच्या डब्यात ठेवा आणि झाकण घट्ट लावा. रेडिओ खरखरू लागेल किंवा गप्प होईल. झाकण काढा, पुन्हा बोलू लागेल. (डबा रिकामा आणि कोरडा घ्या, आणि आईला विचारून घ्या.) हा प्रयोग केलेला मुलगा ग्राहकयंत्र कधीही लोखंडी कपाटात किंवा कपाटाच्या मागे ठेवणार नाही.

आपल्या शरीरात पाणी भरपूर असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. बोलणाऱ्याने ग्राहकयंत्राकडे पाठ फिरवली आणि माईक पोटाशी धरला की लहरींच्या वाटेत त्याचे स्वतःचेच अंग येते. कधी कधी समोर मोकळे मैदान असूनही एका जागी आवाज तुटतो. आपल्या पटांगणाच्या दोन बाजूंना पत्रे आहेत. सरळ आलेली लहर आणि पत्र्यावर आपटून आलेली लहर एकमेकींना मारतात, तिथे मुकी जागा तयार होते. अशा वेळी सेल बदलत बसू नये. अर्धे पाऊल सरकावे, बहुधा आवाज परत येतो. ग्राहकयंत्रावर दोन एरियल कशाला, असे पुष्कळजण विचारतात. महागड्या संचात दोन्ही एरियल एकाच माईकसाठी असतात, एक मुक्या जागेत सापडले तर दुसरे कामाला येते. साध्या संचात मात्र दोन माईकना एकेक एरियल वाटून दिलेले असते.

आता जोडणी. ग्राहकयंत्र टेबलावर मांडून ते टेबल ओट्याच्या कडेला आणावे, शक्य तर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर न्यावे. समोर मुले उभी राहिली तरी एरियलच्या शेंड्यापासून माईक दिसला पाहिजे. दोन्ही एरियल इंग्रजी व्ही अक्षरासारखी फाकवावीत. अँप्लिफायरचे आवाजाचे बटण शून्यावर आणावे आणि मगच पीन खोचावी. चालू अँप्लिफायरमध्ये पीन खोचली की धाडकन आवाज होतो, त्याने स्पीकर फाटू शकतो. सर्वांत आधी ग्राहकयंत्र चालू करावे, माईक अजून बंदच. यावेळी ग्राहकयंत्रावरचा आर.एफ.चा दिवा विझलेला असायला हवा. आपला माईक बंद असूनही दिवा लागला तर समजावे की त्याच वारंवारतेवर जवळपास कोणी दुसरे बोलत आहे. लग्नसराईत शेजारी मांडव पडला असेल तर असे होऊ शकते, आणि मग आपल्या प्रार्थनेत वऱ्हाडी मंडळींना जेवणाचे आमंत्रण ऐकू येईल! वारंवारता बदलण्याची सोय असेल तर बदलावी, नसेल तर त्या मांडववाल्याशी जाऊन बोलावे. एका वारंवारतेवर एका वेळी एकच माईक, हा नियम मोडता येत नाही. दोन चालू केले तर ग्राहकयंत्र जोरदार लहर धरते, दुसरीला सोडते, आणि मधल्या मधे नुसती फडफड ऐकू येते.

दिवा विझलेला आहे ना? मग माईक चालू करावा. दिवा लागला म्हणजे लहर पोचली. "एक, दोन, तीन" म्हणावे, ए.एफ.चा दिवा लुकलुकला म्हणजे आवाजही पोचला. तेव्हा कुठे अँप्लिफायर चालू करून बटण हळूहळू फिरवावे. बंद करताना क्रम उलटा, आधी अँप्लिफायर.

माईकवर टिचक्या मारून किंवा फू फू करून पाहण्याची खोड मोठ्या माणसांनाही आहे. फुंकरीबरोबर थुंकी जाळीतून आत जाते आणि नाजूक पडद्याला धक्का बसतो. पाहुणे असतील तर त्यांना सांगायचे कसे, हा प्रश्न आहे खरा. आम्ही माईक त्यांच्या हातात देण्याआधी स्वतःच एक-दोन-तीन म्हणून दाखवतो.

आता शिट्टीबद्दल सांगतो, कारण सर्वांत जास्त त्रास तिचाच. माईकमध्ये गेलेला आवाज मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो. तोच आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला तर पुन्हा मोठा होतो, पुन्हा बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच कुंई करून कान किटतात. कितीतरी लोक म्हणतात, माईक खराब आहे. माईक चांगलाच असतो, तो फक्त नको तिथे उभा असतो. तारेच्या माईकला तारच दावणीसारखी बांधून ठेवी, बोलणारा स्पीकरच्या पुढे जाऊच शकत नसे. बिनतारी माईकचे दावे सुटलेले असते. गाणे म्हणता म्हणता मुलगा चार पावले पुढे येतो, स्पीकरच्या तोंडासमोर उभा राहतो, आणि झाली शिट्टी सुरू. म्हणून आम्ही दोन्ही स्पीकर बोलणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवतो आणि त्यांच्या मागे दोन पावलांवर कबड्डीच्या मैदानासारखी फक्कीची रेघ मारतो. रेघेच्या पुढे माईक न्यायचा नाही. पहिलीची मुलेसुद्धा हे लगेच शिकली.

शिट्टीचे दुसरे कारण हातात असते. सिनेमातले गायक पाहून काही मुले माईकची जाळी मुठीत धरतात. जाळीच्या मागच्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्यांच्यामुळे माईक समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेतो. मूठ बसली की तो चहूकडचे घेऊ लागतो. तसेच शेपटीलाही धरू नये, तिथे एरियल आहे. मधोमध धरावे. तोंडापासून चार बोटे अंतर ठेवावे. अंतर दुप्पट केले तर माईकपर्यंत पोचणारी आवाजाची शक्ती निम्मी होत नाही, पावच उरते! लाजून माईक छातीपाशी धरला की अँप्लिफायरचे बटण वाढवावे लागते, आणि बटण वाढले की शिट्टी आलीच. प, फ, भ ही अक्षरे फाडकन वाजतात, त्यांच्यासाठी माईक ओठांच्या किंचित बाजूला ठेवावा.

पूर्वी संगीत नाटकांतले नट माईकशिवाय गात आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवत. त्यांना वर्षानुवर्षांची तालीम असे. दुसरीतल्या मुलीचा बारीक आवाज पटांगणाच्या टोकाला कसा पोचणार? माईक आहे तो अशा आवाजासाठी. ज्याचा आवाज मुळातच खणखणीत आहे त्याने ओट्यावर दहा मिनिटे माईक अडवून धरावा, हे मला पटत नाही.

बिनतारी माईकचा खरा उपयोग मला पालकसभेत दिसला. आधीच्या सभांना तारेचा माईक होता. बोलायचे तर उठून, सर्वांमधून वाट काढत ओट्यापर्यंत जावे लागे. त्यामुळे पुढे बसलेली चारदोन माणसेच बोलत. आया मागे दाराजवळ बसत आणि सभा संपल्यावर आपापसांत बोलत. या वेळी बाईंनी माझ्या हातात माईक देऊन सांगितले, "शेवटच्या रांगेपासून सुरुवात कर." मी माईक नेला. पहिल्या दोघींनी मान हलवून पुढे सरकवला. तिसरीने धरला आणि बसल्या बसल्याच म्हणाली, "मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नाही. एक मुलगी आत गेली की दुसरीला दार धरून उभं राहावं लागतं." पुढच्या सगळ्या माना मागे वळल्या. ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलीला ठाऊक होती. चौथ्या दिवशी कडी बसली. माईक माणसाकडे नेता येतो, माणसाला माईककडे यावे लागत नाही, ही सोय तारेच्या माईकने इतक्या सहज कधी दिली नसती.

सेलबद्दल थोडे. आपल्या माईकला दोन पेन्सिल सेल लागतात, प्रत्येकी दीड व्होल्टचे. दोन्ही एकाच वेळी नवे घालावेत, एक जुना एक नवा अशी जोडी लावू नये. सेल उतरू लागले की आवाज एकदम जात नाही. आधी पल्ला कमी होतो, लांब गेले की खरखर सुरू होते. तोच इशारा समजून भाषण सुरू होण्याआधी सेल बदलावेत. कार्यक्रम संपताच सेल काढून ठेवावेत, नाहीतर सुट्टीत ते पाझरतात आणि आतल्या पितळी पट्ट्या गंजतात. सेल घातल्याची तारीख आम्ही वहीत लिहितो.

एक गंमत सांगतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ओट्यापासून ३४ मीटरवर बसलेल्या आजीला स्पीकरचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. रेडिओ लहरीला तेवढेच अंतर कापायला किती वेळ लागतो? तिचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. एका सेकंदाचे एक कोटी भाग केले तर त्यातला जेमतेम एक भाग!

आवाज किती ठेवावा यालाही कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. त्यांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीचे काही दिवस सरकार ठरवून सूट देते, ती मध्यरात्रीपर्यंतच. आम्ही परिपाठाला बटण इतकेच ठेवतो की शेवटच्या रांगेला नीट ऐकू जाईल आणि समोरच्या घरातले तान्हे बाळ उठणार नाही.

आवरताना जाळी कोरड्या फडक्याने पुसावी. तारा कोपराभोवती आवळून गुंडाळू नयेत, मोठी सैल वेटोळी करून सुतळीने बांधाव्यात. संच मुख्याध्यापकांच्या खोलीत लाकडी फळीवर असतो. ज्यांना जोडणी शिकायची असेल त्यांनी शनिवारी परिपाठाच्या आधी पंधरा मिनिटे ओट्यापाशी यावे. चौथीपासूनच्या मुलामुलींना आम्ही प्रत्यक्ष करायला देतो, लहानांनी बघायला यावे.