दुबईतला पहिला नाताळ

प्रश्न : लग्नानंतर वसई सोडून दुबईला आले. २५ डिसेंबरला इथे सुट्टी नाही, मध्यरात्रीची मिस्साही चुकणार. म्हणजे यंदा नाताळ नाहीच ना? – एक वाचक

उत्तर : ताई, असं मुळीच नाही. २४ तारखेच्या संध्याकाळची मिस्साही नाताळचीच असते. ऊद मेथाच्या सेंट मेरीज चर्चमध्ये अनेक भाषांत मिस्सा होतात. वेळा आधी विचारून ठेवा. नाताळचा काळ जानेवारीपर्यंत चालतो, तेव्हा मेजवानी निवांत शनिवार-रविवारी करा. घरी फोन रात्री साडेदहाला लावा, तेव्हा वसईत बारा वाजतात. आई करंज्या पाठवणार असतील, तर सारणात खसखस अजिबात नको. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. आणणारा माणूस अडचणीत येईल. करंज्या तिथेच करा, एकट्या राहणाऱ्या मैत्रिणींना मदतीला बोलवा.