अख्खं खा, कच्चं मात्र पारखून खा

सौंसर-पांढुर्णा भागात आंबिया बहराची संत्री तोडणीला आली की घरोघरी संत्र्याचे ढीग लागतात. त्याच हिवाळ्यात तुरीचे सोले, मुळा, गाजर, मेथी, जांब असं सगळं ताजं आणि परवडणाऱ्या भावात मिळतं. नेमक्या याच दिवसांत ‘शिजवलं की अन्नातला जीव जातो, सगळं कच्चंच खा, सकाळी उपाशीपोटी भाज्यांचा रस प्या’ असे सल्ले मोबाइलवर फिरू लागतात. त्यांत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. अन्न अख्खं असणं वेगळं आणि कच्चं असणं वेगळं. पचनाला आणि एकूण प्रकृतीला मोठा फायदा होतो तो अन्न अख्खं ठेवल्याने, म्हणजे त्याचा कोंडा, साल आणि चोथा काढून न टाकल्याने. ते कच्चं खायचं की शिजवून, हे पदार्थ पाहून ठरवावं लागतं.

आपल्या संत्र्यावरूनच पाहा. पेलाभर रसाला तीन-चार संत्री लागतात, पण त्यांच्या फोडींवरचा पापुद्रा आणि गराचा चोथा गाळणीत राहतो. त्या चोथ्यात पेक्टिन नावाचा तंतुमय पदार्थ असतो. तो पाणी धरून फुगतो, जठर सावकाश रिकामं होऊ देतो आणि साखर रक्तात हळूहळू उतरवतो. 1977 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा जणांना तेवढीच साखर पोटात जाईल अशा बेताने सफरचंद एकदा अख्खं, एकदा लगदा करून आणि एकदा रस काढून दिलं. रस अख्ख्या फळाच्या अकरा पट वेगाने संपला, पोट भरल्यासारखं वाटलं नाही, आणि इन्शुलिन जास्त उसळून नंतर रक्तातली साखर खाली घसरली. पुढे 2013 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अमेरिकेतल्या पावणेदोन लाखांहून अधिक आरोग्यसेवकांची अनेक वर्षांची माहिती आली. त्यात अख्खी फळं खाणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला, तर फळांचा रस रोज पिणाऱ्यांत थोडा जास्त. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा रसातली साखर, वरून घातलेल्या साखरेसारखीच, मर्यादेत ठेवण्याच्या यादीत धरते.

धान्याचंही तसंच आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात, मैद्यात जेमतेम तीन. हे तंतू आपल्या पाचकरसांना पचत नाहीत, म्हणून त्यांना निरुपयोगी समजण्याची चूक फार काळ झाली. आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी युगांडात अनेक वर्षं काम केलं. भरपूर तंतू खाणाऱ्या तिथल्या खेड्यांत बद्धकोष्ठ आणि मोठ्या आतड्याचे कित्येक आजार इतके विरळ का, हा प्रश्न त्यांनी 1970 च्या सुमारास जगापुढे ठेवला. आज त्याचं उत्तर बरंचसं कळलं आहे. न पचलेले तंतू मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू ते आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हेच. उरलेला चोथा पाणी धरून मळ मऊ ठेवतो. 2019 मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून केलेला आढावा ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यात रोज 25 ते 29 ग्रॅम तंतू खाणाऱ्यांत हृदयरोग, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी दिसला. भाकर, वरण, पालेभाजी आणि एखादं फळ असं साधं जेवण दोन्ही वेळा असेल, तर हा आकडा गाठणं अवघड नाही. चहासोबत बिस्किटं-टोस्ट आणि संध्याकाळी मैद्याच्या नूडल्स असतील, तर तो हुकतो.

मग सगळं कच्चंच का खाऊ नये? शिजवल्याने अन्नातली एन्झाइम नष्ट होतात, हे खरं. पण ती वनस्पतीच्या कामाची असतात. आपलं अन्न आपल्याच शरीरातल्या एन्झाइमांनी पचतं आणि बाहेरून आलेल्या बहुतेक एन्झाइमांचं काम जठरातलं आम्ल बंद पाडतं. उष्णतेने क जीवनसत्त्व घटतं, हा आक्षेप मात्र रास्त आहे, आणि म्हणूनच ताटात संत्रं, लिंबू, कोशिंबीर हवी. उलट टोमॅटोतलं लायकोपीन आणि गाजरातलं कॅरोटीन शिजवल्यावर, थोड्या तेलासोबत, जास्त शोषलं जातं. काही पदार्थ तर कच्चे घातकच ठरतात. कच्च्या राजम्यातलं विषारी प्रथिन नीट उकळल्याशिवाय जात नाही. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात मृत्यू झाले आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने असा रस पिऊ नका, असं बजावलं आहे. जर्मनीत 2011 साली ई. कोलाय जिवाणूची जी साथ आली, तिचा माग मेथीच्या कच्च्या मोडांपर्यंत लागला. तिच्यात पन्नासहून अधिक लोक दगावले. जर्मनीतच वर्षानुवर्षं कच्च्या अन्नावर राहणाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा चौथा हिस्सा स्त्रियांचं वजन गरजेपेक्षा कमी निघालं आणि पंचेचाळिशीच्या आतल्या जवळपास तीस टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झालेली किंवा बंद पडलेली आढळली. ज्या भागात मुलींमध्ये रक्तक्षय आधीच आहे, तिथे असा आहार सुचवणं धोक्याचं आहे.

अख्ख्या अन्नावरही आक्षेप आहेत. कोंड्यातलं फायटेट लोह अडवतं, असं म्हणतात, आणि ते खरं आहे. पण कडधान्य भिजवल्याने, मोड आणल्याने आणि पीठ आंबवल्याने फायटेट कमी होतं, आणि जेवणात लिंबू किंवा संत्रं असलं की त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. जेवणाला लागून चहा घेतला तर उलटं होतं. दुसरी तक्रार गॅसची. ती बहुधा घाईमुळे होते. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या आहाराशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून तंतू दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणीही वाढवा.

थोडी सावधगिरी हवीच. कच्चं खायच्या भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाजीतून आलेली फीतकृमीची अंडी मेंदूपर्यंत पोचून झटके आणू शकतात. मोड वाफवून खा. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि केमोथेरपी घेणारे रुग्ण यांनी कच्च्या मोडांपासून दूरच राहावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फळं किती खायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण संत्र्यात पोटॅशियम असतं. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन किंवा चाळिशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय ही लक्षणं घरगुती उपायांवर सोडू नका, लगेच तपासणी करून घ्या.

तेव्हा या हंगामात एवढंच करा. संत्रं सोलून, फोडींच्या पापुद्र्यासकट चावून खा, भाकर पुन्हा रोजच्या ताटात आणा, वरण-भाजी नीट शिजवा आणि सोबत धुतलेली कोशिंबीर ठेवा. पोट साफ ठेवण्यासाठी कोणताही महागडा रस किंवा चूर्ण विकत घ्यायच्या आधी हा आहार महिनाभर नेमाने घेऊन पाहा.