पाचटातली साखर


पाचट चावलं तर गोड लागत नाही. पण त्याचा निम्म्याहून जास्त भाग साखरेचाच, सेल्युलोज-हेमिसेल्युलोजच्या साखळ्यांत बांधलेला. साखळी तोडली की साखर सुटते. जिवाणूंनी ती हवेविना आंबवली की हायड्रोजन निघतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीसोबत काडीकचऱ्यापासून हायड्रोजन काढायची पद्धत बसवली आहे.

आपलं पाचट त्यासाठी अजून कुणी घेत नाही, म्हणून भावाची वाट बघू नका. पण काडी ओढून धूरही करू नका! खोडव्यात सरीत पसरा. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट, 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका. युरिया चुकवू नका. जिवाणूंना नत्र लागतं, नाही मिळालं तर ते खोडव्याचं ओढतात.