चौथी पायरी

२९ ऑगस्ट २०१५, सिंहस्थाचं पहिलं शाहीस्नान. इंदिरानगरातल्या आमच्या रो-हाऊसमध्ये त्या दिवशी अकरा पाहुणे होते. रामकुंडावरून आलेल्या ओल्या साड्यांचं पाणी जिन्यावर ठिबकत होतं. चौथ्या पायरीची शहाबादी फरशी उन्हाळ्यापासून हलत होती. आत्याबाईंचा पाय नेमका तिथेच घसरला आणि मनगट मोडलं. आता पुन्हा सिंहस्थ तोंडावर आहे, घराघरांत वरच्या खोल्या आवरल्या जातायत, म्हणून त्या पायरीने शिकवलेलं लिहिते.

१. पहिला प्रश्न "ठाऊक होतं का?" हाच. गल्लीतल्या वकीलकाकांनी प्लास्टर पाहिलं आणि मला एवढंच विचारलं. इंग्लंडात घरी आलेल्याच्या सुरक्षिततेसाठी १९५७चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही. निष्काळजीपणा झाला का, हे पाहून न्यायालय भरपाई ठरवतं. धोका ठाऊक असून दुरुस्त केला नाही, पाहुण्याला सांगितलाही नाही, तर दोष यजमानाचा. मला ठाऊक होतं. आम्ही घरचे त्या पायरीवर सवयीने कडेला पाय टाकायचो. आत्याबाईंना ते कोण सांगणार होतं? गवंड्याला मात्र दोन महिने मी "पुढच्या आठवड्यात या" म्हणत होते.

२. "आम्हाला काय माहीत" हे रस्त्याच्या बाजूला चालत नाही. दिल्लीत चांदणी चौकातलं घंटाघर १९५१मध्ये कोसळून माणसं दगावली. इमारत सुमारे ऐंशी वर्षांची होती आणि तिच्या चुन्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. दोष आतला होता, दिसत नव्हता, ही महापालिकेची सबब सर्वोच्च न्यायालयाने १९६६मध्ये फेटाळली. रस्त्यालगतच्या बांधकामाची वेळोवेळी तपासणी करणं हे मालकाचंच काम. वकीलकाकांकडून हे ऐकलं त्याच संध्याकाळी गॅलरीच्या कठड्यावरच्या तुळशीच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्या मी खाली उतरवल्या. खाली पाहुण्यांच्या गाड्या लागतात, मुलं खेळतात.

३. कुत्रा बांधून ठेवा. पाळीव जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

४. "तुमच्याकडे ठेवा हो" म्हणून कोणी दागिने हातात दिले, तर फुकट सांभाळतोय म्हणून सुटका नाही. १८७२च्या करार कायद्यानुसार समंजस माणूस आपल्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घ्यावीच लागते. तेवढी घेऊनही चोरी झाली, तर एरवी आपल्यावर ठपका येत नाही. हे कळल्यापासून माझ्या कपाटाची किल्ली खुंटीवर नसते.

५. खोलीचे पैसे घेतले की तो पाहुणा ग्राहक होतो आणि ग्राहक आयोगात जाऊ शकतो. भाड्याने खोल्या देणाऱ्यांनी घराच्या विम्यात तिऱ्हाइताच्या इजेचं संरक्षण आहे का, हे विचारून घ्यावं.

६. दवाखान्याचं बिल आम्ही भरलं. आत्याबाई "माझाच तोल गेला गं" म्हणत राहिल्या. मी त्यांना खरं सांगितलं, फरशी हलत होती आणि मला ठाऊक होतं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आधी ती बसवून घे."

फरशी तिसऱ्या दिवशी बसली. आत्याबाई अजूनही येतात, आणि चौथ्या पायरीवर आधी चप्पल आपटून बघतात.