अळूला चिंच का लागते?

प्रश्न : अळूच्या फदफद्यात चिंच घातली नाही तर घसा खवखवतो, असं सासूबाई म्हणतात. यात तथ्य आहे का? आणि औषधाला जुनीच चिंच का मागतात? – एक वाचक, पुणे

उत्तर : सासूबाईंचं खरं आहे, पण निम्मं श्रेय शेगडीला द्या. अळूच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते जिभेला, घशाला टोचतात आणि खाज सुटते. आंबटाने हा त्रास कमी होतो. कोकणात हेच काम आमसुलं किंवा अंबाडे करतात. मात्र अळू अर्धाकच्चा राहिला तर कितीही चिंच घाला, तो खवखवणारच. सुरणाचंही तेच. हरभऱ्याची डाळ आणि दाणे तेवढे आधी वेगळे शिजवून घ्या. आंबट पडलं की डाळ शिजता शिजत नाही.

चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा. बहुतेक फळं पिकताना आंबटपणा सोडतात. चिंच तो सोडत नाही, वर साखरही वाढवते. म्हणून तिचं गुळाशी इतकं जमतं.

आता जुन्या चिंचेचं. फाल्गुन-चैत्रात नवी चिंच येते. ती फोडून, चिंचोके नि शिरा काढून, मीठ लावून गोळे बरणीत भरतात. वर्षभरात ते काळे होतात. आयुर्वेदाच्या मते कच्ची चिंच पित्त-कफ वाढवते, पिकलेली रुची आणते, पोट साफ करते. वैद्यांची पसंती मुरलेल्या चिंचेला असते. सारक गुण तर ब्रिटिश औषधकोशानेही मानला होता : सोनामुखीच्या रेचक पाकात चिंचेचा गर असे. मुरगळल्यावर चिंचेचा पाला वाफवून बांधतात, त्यात निदान शेक तरी मिळतो. ताप, कावीळ यांवर चिंच सांगणाऱ्यांचं मात्र ऐकू नका, डॉक्टरकडे जा.

चिंचोके टाकून देण्याजोगे नाहीत. धनगरी घोंगडीला त्यांचीच खळ देतात. त्यांच्यातली चिकट शर्करा कोरड्या डोळ्यांसाठीच्या काही थेंबांतही वापरतात. घरी मात्र असले प्रयोग डोळ्यांवर करू नयेत!

फदफद्याला चार माणसांसाठी सुपारीएवढी चिंच पुरे. पातेलं पितळेचं असेल तर आधी कल्हई बघा. ती उडाली असेल तर आंबट कळकतं आणि तांबं अन्नात उतरतं. तसलं पातेलं चिंचेने घासा, त्यात चिंच शिजवू नका.