जुन्या बीजाची परीक्षा

संयुत्त निकायातील बीजसुत्तात तथागतांनी मूळ, खोड, पेर, शेंडा आणि प्रत्यक्ष बी असे बीजाचे पाच प्रकार सांगितले आहेत. बीज अखंड, न कुजलेले, ऊन-वाऱ्याने न बिघडलेले असले तरी माती व पाणी नसेल तर ते उगवत नाही. माती व पाणी असूनही बीज बिघडलेले असेल तरीही ते उगवत नाही. तेथे हा दृष्टांत विज्ञानाच्या, म्हणजे जाणिवेच्या, वाढीसंबंधी आहे. परंतु त्यामागील निरीक्षण शेतीचे आहे, आणि घरात डब्यात जपून ठेवलेल्या फळबियांनाही ते लागू पडते.

गावाकडचे एखादे झाड तोडले जाणार असे कळले की आपण त्याच्या बिया वाळवून ठेवतो. येथेच विवेक हवा. चिंच, सीताफळ, बोर यांच्या बिया वाळवल्या असता टिकतात; कोरड्या जागी ठेवल्यास काही वर्षांनीही त्या उगवू शकतात. याउलट आंब्याची कोय, फणसाची आठळी आणि जांभळाची बी ओलावा गमावताच मरते. फ्रिजमधील थंडीही त्यांना सोसत नाही. त्या फळ खाल्ल्यावर काही दिवसांतच पेराव्यात. वाळवून जपलेली कोय ही केवळ आठवण होय. तीतून झाड होत नाही.

टिकणाऱ्या बीजाचे सामर्थ्य मात्र विलक्षण असते. इस्राएलमधील मसादा येथील उत्खननात मिळालेली, सुमारे 2000 वर्षांपूर्वीची खजुराची बी 2005 साली रुजली. वाळवंटाच्या कोरड्या हवेने तिचे रक्षण केले होते.

घरातील जुन्या बियांची परीक्षा सोपी आहे. किडलेल्या, बुरशी आलेल्या बिया वेगळ्या काढाव्यात. चिंचोक्याचे कवच कठीण असते. अंकुराची बाजू टाळून एका कडेला ते पॉलिश पेपरवर थोडे घासावे व चिंचोका एक दिवस साध्या पाण्यात भिजवावा. बोराची आठळी हलक्या हाताने फोडून आतील बी काढावी. नंतर दहा बिया ओल्या सुती कापडात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात. कापड ओलसर असावे, निथळते नसावे. दहापैकी तीन रुजल्या, तर दहा रोपांसाठी तीस-पस्तीस बिया पेराव्यात. घाई करू नये. सीताफळाची बी महिनाभर, कधी त्याहूनही अधिक काळ घेते. तोवर ती मेली असे समजून फेकणे हा तिच्यावर अन्यायच ठरेल.

अंकुर दिसताच माती, वाळू व कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून भरलेल्या, तळाला छिद्र असलेल्या पिशवीत बी तिच्या जाडीच्या दुप्पट खोल लावावी. आरंभी सावली द्यावी. पाणी बेताने द्यावे.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बीपासून वाढलेले झाड मूळ झाडासारखेच फळ देईल याची खात्री नसते. एखाद्या रायवळ आंब्याची नेमकी चव राखायची असेल, तर झाड उभे असतानाच त्याच्या काडीचे कलम बांधून घ्यावे. म्हणून बीज जपण्यापूर्वी ते कोणत्या जातीचे आहे हे आधी पाहावे. चिंचोका आपली वाट पाहू शकतो. आंब्याची कोय पाहू शकत नाही.