घरात बंदूक, घरात मुलं: कुलूप कुणी लावायचं?

साप, विहीर, भातावर फवारायचं औषध यांपासून मुलांना कसं जपायचं, हे पालक मला नेहमी विचारतात. घरातल्या बंदुकीबद्दल मात्र कुणी आपणहून विचारत नाही. मावळातल्या नवलाख उंबऱ्यात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर ती काही अगदीच दुर्मीळ वस्तू नाही. एमआयडीसीत जमीन गेली, हातात पैसा आला आणि त्यापाठोपाठ काही घरांत स्वसंरक्षणासाठी परवान्याचं रिव्हॉल्व्हर आलं. कुणी सुरक्षारक्षक स्वतःच्या परवान्याची बारा बोअर घेऊन रात्रपाळीला जातो आणि सकाळी ती घरी आणतो. कुणाकडे फौजेतून निवृत्त झालेल्या वडिलांची बंदूक आहे, तर कुणाकडे आजोबांनी रानडुकरांपासून शेत राखायला घेतलेली. ती ठेवावी की नाही, हा तुमचा आणि कायद्याचा प्रश्न आहे. डॉक्टर म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. घरात पाच वर्षांचं नातवंड दुडुदुडु फिरतंय, तर ती बंदूक या क्षणी नेमकी कुठे आहे?

उत्तरं ठरलेली असतात. कपाटात साड्यांखाली. माळ्यावर. रात्री उशाखाली. आणि वर, "डॉक्टर, पोरांना ठाऊकच नाही हो."

पोरांना ठाऊक असतं. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बंदूक असलेल्या घरांतले पालक आणि मुलं यांना वेगवेगळं विचारलं गेलं. "बंदूक कुठे आहे हे आमच्या मुलाला माहीत नाही," असं सांगणाऱ्या पालकांपैकी 39 टक्क्यांच्या मुलांनी ती जागा आपल्याला माहीत असल्याचं सांगितलं. दिवाळीचा चिवडा कोणत्या डब्यात दडवलाय हे ज्याला कळतं, त्याला साड्यांखालची जड वस्तू सापडायला कितीसा वेळ लागणार?

समजावणं पुरेसं नाही

"आम्ही त्याला बजावून ठेवलंय, हात लावायचा नाही," हे दुसरं उत्तर. बजावणं चांगलंच, पण त्यावर विसंबू नका. 2001 साली अमेरिकेतच 8 ते 12 वर्षांच्या 64 मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटांनी एका खोलीत सोडलं. ड्रॉवरमध्ये खरं पण निकामी केलेलं पिस्तूल ठेवलेलं होतं. ज्या गटांना ते सापडलं त्यांत 48 मुलं होती. त्यांतल्या 30 जणांनी ते हाताळलं आणि 16 जणांनी चाप ओढला. ते खरं की खेळण्यातलं, हे जवळजवळ निम्म्या मुलांना ठरवता आलं नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पिस्तूल हाताळणाऱ्या बहुतेक मुलांना बंदुकीच्या धोक्यांबद्दल आधी शिकवलेलं होतं.

यात मुलं वाईट नसतात. कुतूहल हा त्या वयाचा धर्म आहे, आणि स्वतःला आवर घालण्याची मेंदूतली यंत्रणा विशीनंतरही पक्व होत राहते. बोटांत जोर नसेल, या भरवशावरही राहू नका. तीन-चार वर्षांच्या काही मुलांनासुद्धा चाप ओढता येतो, आणि त्यासाठी ती दोन्ही हातांची बोटं लावतात. म्हणून एक गोष्ट मनात पक्की धरा. शहाणपणाची जबाबदारी मुलावर टाकायची नाही. कुलूप मोठ्यांनी लावायचं.

मोठ्यांचाही हात चुकतो. 1 ऑक्टोबर 2024 रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा बाहेरगावी निघण्यापूर्वी आपलं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत असताना ते हातातून निसटलं, बार उडाला आणि गोळी त्यांच्या पायात घुसली. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. रिव्हॉल्व्हर कपाटात जात होतं, पण भरलेलं होतं. त्याच वेळी पायाशी एखादं मूल रांगत असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करा.

रिकामी, कुलपात, काडतुसं वेगळी

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा: बंदूक रिकामी असावी, ती कुलपात असावी आणि काडतुसं दुसऱ्या जागी, वेगळ्या कुलपात असावीत. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात यातली प्रत्येक सवय मुलांच्या अपघाती आणि आत्महत्येच्या गोळीबारातल्या इजा कमी असण्याशी जोडलेली आढळली. आपल्या घरात हे असं करता येईल:

- रिकामी करताना नळी नेहमी माणसांपासून दूर धरा आणि बोट चापाबाहेर ठेवा. पिस्तुलाचं मॅगझीन काढलं म्हणजे ते रिकामं झालं, असं नाही. एक गोळी चेंबरमध्ये राहू शकते, आणि अनेक अपघातांचं मूळ तिथेच असतं. रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडून प्रत्येक घर डोळ्यांनी पाहा. बारा बोअर उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का ते बघा.
- कपड्यांचं कपाट हे बंदुकीचं कपाट नव्हे. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टनं घट्ट बसवलेली लोखंडी तिजोरी घ्या. चापाला लावायचं वेगळं कुलूपही मिळतं, तेही लावा.
- काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात ठेवा.
- किल्ली खिळ्याला, देव्हाऱ्यात किंवा पिठाच्या डब्यात नको. ती परवानाधारकाच्या अंगावर असावी. आकड्यांचं कुलूप असेल तर जन्मतारीख आणि गाडीचा नंबर टाळा. मुलांना ते दोन्ही पाठ असतात.
- रात्रपाळीहून आल्यावर चहाच्या आधी बंदूक कुलपात. थकून भिंतीला टेकवून ठेवलेली बारा बोअर हा सगळ्यात सोपा धोका आहे.

बंदूक बाहेर निघते त्या दिवसांची आणखी काळजी घ्या. मावळातल्या पावसात लोखंड गंजतं, म्हणून ती साफ करायला, तेल द्यायला निघते. त्या वेळी मुलं दुसऱ्या घरी आणि काडतुसं कुलपातच हवीत. खंडेनवमीला आणि दसऱ्याला कोयता, विळा, पाना यांच्या रांगेत पाटावर बंदूकही मांडली जाते. तिच्यावर हळद-कुंकू वाहिलं जातं, झेंडूची फुलं ठेवली जातात, आणि सगळी बच्चेकंपनी भोवती गोळा होते. पूजेच्या आधी ती रिकामी असल्याची खात्री दोघा मोठ्यांनी करा. आरती संपली की लगेच कुलपात. प्रसाद वाटेपर्यंतही ती पाटावर राहू नये.

कायदा काय म्हणतो

शस्त्र अधिनियम 1959 नुसार 21 वर्षांखालच्या व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. त्यामुळे दहावीतल्या मुलाच्या हातात "फक्त फोटोपुरती" दिलेली बंदूकसुद्धा तुम्हाला अडचणीत आणू शकते. 2016 च्या शस्त्र नियमांत बंदूक सुरक्षित वापरण्या-ठेवण्याची हमी आणि अर्जदाराच्या शारीरिक व मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं आहे. 2019 च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत 3 वरून 5 वर्षं केली आणि एका माणसाला जास्तीत जास्त 2 बंदुकांची मर्यादा घातली. वरातीत, मिरवणुकीत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवानाधारक वारला की बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. बंदुकीची गरज उरली नसेल, घरात बाळ आलं असेल, तर स्वतःहूनही ती तिथे जमा करता येते. निवडणुकीच्या वेळी आपण नाही का जमा करत? आणि विनापरवाना गावठी कट्ट्याबद्दल स्पष्ट सांगतो. तो ठेवण्याची सुरक्षित जागाच नसते. त्यासाठी किमान 2 वर्षांची कैद आहे. वकिलाचा सल्ला घ्या आणि घराला त्यातून मोकळं करा.

मोठी झालेली मुलं

लहानग्यांपेक्षा मला कधी कधी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची जास्त काळजी वाटते. निकाल, प्रेमभंग, चारचौघांत झालेला अपमान. त्या वयात टोकाचा विचार लाटेसारखा येतो आणि बऱ्याचदा ओसरतोही. पण बंदूक हाताशी असेल तर ओसरायला वेळच मिळत नाही. मूल गप्प झालं, जेवण-झोप बिघडली, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं बोललं, तर त्याच दिवशी बंदूक घराबाहेर, ताब्यात घेऊ शकणाऱ्या अधिकृत जागी हलवा. त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. घरातल्या मोठ्या माणसाला दारूचं व्यसन किंवा नैराश्य असेल तरी हेच करा.

छऱ्याच्या बंदुकीलाही खेळणं समजू नका. अशा बऱ्याच बंदुकांना परवाना लागत नाही म्हणून त्या यात्रेतल्या हौसेसारख्या घरी येतात, पण एक छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. तीही कुलपातच हवी. सुट्टीत मूल मामाकडे किंवा मित्राच्या फार्महाउसवर जाणार असेल, तर आधी विचारा: "तुमच्याकडे बंदूक आहे का? कुलपात आहे ना?" यात भिडस्तपणा नको.

दुर्दैवानं बार उडालाच तर

आधी बंदूक बाजूला करा, मग 108 ला फोन करा. रक्त येतंय तिथे स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि दाब सोडू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हाता-पायातून रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या वर, सांध्यावर न येईल असा रुंद पट्टा करकचून आवळा आणि वेळ लिहून ठेवा. हळद, चुना, कॉफी काही भरू नका. गोळी शोधायला बोट घालू नका. पाणीसुद्धा पाजू नका. डोळ्यात छर्रा गेला तर डोळा चोळू नका, धुऊ नका, दाबू नका. कागदी कप नुसता वर धरून नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

पोलीस केसच्या भीतीनं मूल घरी ठेवू नका. आधी उपचार, कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात 1989 सालीच सांगितलं आहे. रुग्णालय पोलिसांना कळवेल, ते त्यांचं कर्तव्यच आहे. पण त्याआधी ते मुलाला तपासेल.

परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यायला माझ्याकडे आलात, तर रक्तदाब आणि नजर तपासल्यावर मी तीन प्रश्न विचारीन: घरात मुलं किती, तिजोरी कुठे बसवली, किल्ली कुणाकडे असते. रागावू नका. या तीन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवूनच या. आणि उत्तर तयार नसेल, तर आधी तिजोरी बसवा, मग बंदूक आणा.